एक कान प्रवचनाला, एक कान कुकरला

आमच्या घरी डब्यांचं काम आहे. सध्या 22 डबे, डब्याला 4 पोळ्या, म्हणजे 88 पोळ्या आणि वर घरच्या, आणि हे सगळं आई पहाटे साडेपाच ते साडेनऊच्या आत उरकते. भाजी चिरून द्यायला मी असते पण पोळ्यांना ती कुणाला हात लावू देत नाही. या चार तासांत तिला कानावर काहीतरी पडत राहायला लागतं. पूर्वी ओट्याच्या वरच्या फळीवर रेडिओ असायचा, आकाशवाणीची सकाळची भक्तिगीतं, मग बातम्या, त्यावरच तिचं घड्याळ चालायचं, म्हणजे अमुक लागलं की भाजी खाली उतरलेली हवी, तमुक लागलं की डबे भरायला घ्यायचे. रेडिओ गेला आणि फोन आला, आणि फोनमुळे तिला प्रवचनं, कीर्तनं, जुन्या लोकांच्या मुलाखती असं पाहिजे ते पाहिजे तेव्हा मिळायला लागलं, त्यामुळे ती खूश होती.

अडचण अशी की बाबांची सेकंड शिफ्ट असली की ते रात्री साडेबाराला येऊन झोपतात, आणि स्वयंपाकघर नि आतली खोली यांच्यात एक भिंत आहे ती पण वर जाळीची. फोन मोठ्याने लावला तर बाबा उठतात, हळू लावला तर एक्झॉस्ट फॅन आणि फोडणी यात एक शब्द कळत नाही. म्हणून मागच्या दिवाळीला मी तिला ते हल्ली सगळ्यांच्या कानात असतात तसले बिनवायरचे इअरबड्स घेऊन दिले.

पहिल्या आठवड्यातच दूध उतू गेलं. आईच्या हातून दूध उतू गेलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. मग एक दिवस कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळीचं पार पिठलं झालं, आणि एक दिवस डबे न्यायला येणारा मुलगा खाली बेल वाजवून वाजवून थकला आणि शेवटी मला फोन केला त्याने. आई म्हणाली, "अगं, दोन्ही कान बंद करून स्वयंपाक होतो का? मी निम्मा स्वयंपाक कानाने करते." हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं कारण ते अगदी खरं आहे. तेल तापलं की नाही ते मोहरी टाकली की तिला ऐकून कळतं, तव्यावर पोळी फुगताना बारीक फुस्स होतं ते ती पाठमोरी असताना ऐकते, भाजीतलं पाणी आटत आलं की रटरट आवाज बदलतो. एक कान घराला लागतोच. हौस नाही ती, कामाची गरज आहे.

मग एकच बड घालायचा असं ठरलं. इथे पहिली गोष्ट समजली जी मला वाटतं खूप जणांना माहीत नसते. आई एक जुनी मुलाखत ऐकत होती आणि मला म्हणाली, हा बाई नुसते प्रश्नच विचारतोय, समोरचा माणूस उत्तरच देत नाही. मी दोन्ही बड घालून ऐकलं तर प्रश्न डाव्या कानात आणि उत्तरं उजव्या कानात. दोन माईक लावून रेकॉर्डिंग केलेलं आणि एक माईक एका बाजूला, दुसरा दुसऱ्या बाजूला असं तसंच ठेवून दिलेलं. स्टिरिओ म्हणजे दोन वेगवेगळे आवाज दोन कानांसाठी, त्यातला एकच कानात गेला तर निम्मं जगच गायब. गाण्यांतही होतं हे, एखादं वाद्य एका बाजूलाच ठेवलेलं असतं. काही बड एकटा वापरला की आपोआप दोन्ही बाजू एकत्र करतात, तिचे नव्हते करत.

यावर उपाय फोनमध्येच आहे. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी उघडायचं, त्यात आवाजाचा जो भाग असेल त्यात 'मोनो ऑडिओ' असं एक बटण असतं, ते चालू केलं की फोन डावं-उजवं एकत्र करूनच पुढे पाठवतो. अँड्रॉइडवर पण आहे आणि आयफोनवर पण आहे. ज्यांना एकाच कानाने ऐकू येतं त्यांच्यासाठी दिलेली सोय आहे ती, आणि ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांनी आजच बघा, कारण त्या माणसाला कळतही नसतं की आपल्याला अर्धंच ऐकू येतंय.

पण बडचं काम काही टिकलं नाही. आई वाकून कणीक मळते, डोक्यावर पदर घेतलेला असतो, पदर सरकला की बड सरकतो, आणि एके दिवशी तो थेट परातीतल्या कणकेत पडला. काढून पुसून पुन्हा चालला तो, पण त्याच्या जाळीत पीठ बसलं. शिवाय त्याला बटण नाही, नुसता स्पर्श ओळखतो, आणि पिठाच्या ओल्या हाताने स्पर्श केला की कधी थांबतो कधी पुढचंच काहीतरी लावतो. तिला हाताच्या मागच्या बाजूने, बोटाच्या पेराने दाबता येईल असं खरंखुरं बटण पाहिजे होतं.

तेव्हा मामाने त्याचा जुना हेडसेट आणून दिला. मामा टुरिस्टची गाडी चालवायचा, पुणे ते मुंबई एअरपोर्ट अशा रात्रीच्या फेऱ्या, आणि 2010 च्या आसपास त्याने हा घेतलेला. एका कानाचा, कानामागून जाणारी आकडी, तोंडाकडे येणारी बोटभर दांडी, आणि बाजूला एक चांगलं टचकन दाबलं जाणारं बटण. आकडी डावीकडची उजवीकडे फिरवता येते. आईने कानाला लावला, मान हलवून बघितली, वाकून बघितलं, पदर घेतला, काढला. जागचा हलला नाही. "हे बघ, हे असं पाहिजे," म्हणाली.

मी फोनला जोडला. जोडला गेला, मामाला कॉल लावून बघितला, आवाज स्वच्छ. मग प्रवचन लावलं तर आवाज फोनच्या स्पीकरमधूनच. बंद करून चालू केलं, काढून परत जोडलं, दुसऱ्या फोनला जोडून बघितलं, तेच. कॉल कानात, बाकी सगळं बाहेर. मामा म्हणाला मला वाटायचं हे असंच असतं, मी कधी गाणी लावलीच नाहीत त्यावर.

माझा डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉमचा आहे, त्यामुळे मग मी बसलेच त्याच्यामागे. कारण असं आहे. फोन आणि हेडसेट यांनी एकमेकांशी काय काय बोलायचं याचे करार ठरलेले असतात, त्यांना प्रोफाइल म्हणतात. कॉलसाठी दोन आहेत, एचएसपी आणि एचएफपी, पैकी पहिला साधा हेडसेटचा आणि दुसरा हँड्सफ्रीचा. गाणी वगैरेसाठी वेगळाच करार आहे, त्याचं नाव ए-टू-डी-पी (A2DP), तो 2003 मध्ये आला. पण एका कानाचे हेडसेट बनवणाऱ्यांनी बरीच वर्षं तो घातलाच नाही, कारण ते हेडसेट घेणारा माणूस गाडी चालवत फोनवर बोलणारा असणार असं धरून चालले होते. म्हणजे मामाच्या हेडसेटला गाणी कशी घ्यायची हे माहीतच नाही. बिघाड कुठलाच नाही. अँड्रॉइड फोनच्या ब्लूटूथच्या यादीत त्या हेडसेटच्या नावासमोरचं चाकाचं चिन्ह दाबलं की हे लगेच दिसतं, तिथे 'फोन कॉल' ही ओळ असते, 'मीडिया ऑडिओ' ही ओळच नसते. कॉलेजात शिकले होते हे सगळं पण असं आईच्या ओट्याजवळ उपयोगाला येईल असं वाटलं नव्हतं.

पण यातून एक चोरवाट आहे. हेडसेटला कॉलचा आवाज घेता येतो ना, मग फोनने कॉल नसतानाच कॉलची वाट उघडायची आणि प्रवचनाचा आवाज त्या वाटेने सोडायचा. अँड्रॉइडमध्ये ॲपला हे करता येतं. प्ले स्टोअरवर 'मोनो ब्लूटूथ' असं शोधलं की अशी ॲप्स येतात, काम एवढंच, एक बटण, चालू आणि बंद. चालू केलं की हेडसेटमध्ये बारीक टुक होतं, मग कॉल जोडल्यावर जशी पाठीमागे एक सूक्ष्म खरखर असते तशी येते, आणि मग प्रवचन कानात. आईच्या चेहऱ्यावर जे आलं ना ते बघून मला बरं वाटलं.

दोन गोष्टी मात्र सांगते. एक, असल्या ॲपला ब्लूटूथची आणि आवाजाची परवानगी लागते, पण ते तुमचे कॉन्टॅक्ट किंवा मेसेज मागायला लागलं तर ठेवू नका, त्याचं तिथे काही काम नाही. दोन, अँड्रॉइड 12 पासून ही वाट उघडायची आतली पद्धत बदलली आहे, त्यामुळे जुनी ॲप्स नव्या फोनवर चालतीलच असं नाही. आईचा फोन जुना असल्यामुळे चाललं, माझ्या फोनवर तेच ॲप नुसतं टुक करून गप्प बसलं.

आता आवाज कसा येतो. बोलणं उत्तम. कीर्तनकारांचं बोलणं, मुलाखत, बातम्या, सगळं नीट कळतं, उलट फॅनच्या आवाजात ते जास्त उठून येतं. पण अभंग लावला आणि आई दोन मिनिटांत म्हणाली, "पखवाज कुठे गेला?" खरंच, पखवाजाचा घुमारा नाहीच. वरची थाप टिकटिक अशी येते आणि खालचा धूम गायब. टाळ ऐकायला गेलं तर त्यांची किणकिण नाही, नुसता चरचर आवाज, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. आणि तंबोरा तर नसल्यातच जमा.

कॉलच्या वाटेवर जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला 8,000 नमुने घेतात, म्हणजे तेवढ्या वेळा आवाज मोजतात. नमुने जेवढे, त्याच्या निम्म्यापर्यंतच्याच कंपनसंख्या त्यात मावतात, म्हणजे 4,000 हर्ट्झच्या (सेकंदाला 4,000 कंपनांच्या) वर काही जाऊच शकत नाही, आणि टेलिफोनच्या जुन्या रिवाजाप्रमाणे प्रत्यक्षात साधारण 300 ते 3,400 एवढाच पट्टा धरतात. टाळांची चमक 3,400 च्या बरीच वर, ती गेली. पखवाजाच्या डाव्या बाजूची धूम 300 च्या खाली, ती गेली. गाण्याच्या वाटेवर हेच नमुने बहुतेक वेळा सेकंदाला 44,100 असतात. मधली सुधारणा 2011 च्या सुमारास एचएफपीच्या 1.6 आवृत्तीत आली, तिच्यात कॉलला 16,000 नमुने मिळतात, पण त्यासाठी फोन आणि हेडसेट दोघांनाही ते यायला हवं आणि मामाचा त्याच्या आधीचा.

मग मला प्रश्न पडला की पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या आसपास असतो, तो पण 300 च्या खालीच आहे, मग प्रवचनकारांचा भारदस्त आवाज भारदस्त कसा वाटतो? याचं उत्तर मला फार आवडतं. मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे सूर त्या आवाजात असतातच, त्यांतले 300 च्या वरचे येतात, आणि त्यांच्यातलं अंतर बघून आपला मेंदू खालचा न आलेला सूर स्वतः भरून काढतो. फोनवर बाबांचा आवाज आपण एका 'हॅलो'वर ओळखतो तो असा. पखवाजाच्या खालच्या धुमेला असे सरळ पटीतले वरचे सूर पुरेसे नसतात म्हणून ती परत भरून येत नाही. माणसाच्या बोलण्यासाठीच ती वाट आखलेली आहे आणि बोलणं ती इमानाने पोचवते.

आणि एवढी अरुंद का आखली याला पण कारण आहे. कॉलमध्ये बोलणं लगेच पोचलं पाहिजे, दोन्हीकडून, उशीर चालत नाही. ब्लूटूथमध्ये सेकंदाचे 1,600 खाने पाडलेले असतात, आणि कॉलसाठी त्यातले ठरावीक खाने राखून ठेवतात, एसटीत राखीव जागा असते तसे. पूर्वीच्या साध्या पद्धतीत दर 6 खान्यांनी एक जोडी, एक खाना जायचा एक यायचा, तुम्ही बोलत असा नाहीतर गप्प बसा, गाडी ठरल्या वेळी सुटणार म्हणजे सुटणार. एखादं पुडकं वाटेत हरवलं तर परत पाठवत बसत नाहीत, म्हणून कधीकधी टक असा आवाज येतो. एवढ्या सगळ्यात एका दिशेला सेकंदाला 64,000 बिट्स जातात, बस. गाण्याच्या वाटेला घाई नसते, ती थोडा साठा करून ठेवते, हरवलेलं परत मागवते, आणि एकाच दिशेने जायचं असल्याने जास्त माल नेते. यामुळेच मामाच्या हेडसेटची बॅटरी प्रवचन ऐकताना लवकर उतरते, कारण त्याच्या दृष्टीने तो चार तास सलग कॉलवर आहे. जुन्या बॅटरीने आता दोन तासांच्या वर साथ दिली नाही, मग साडेसातला चहाच्या वेळी त्याला चार्जिंगला लावायचं आणि आठला परत घालायचा असं बसलं.

ही व्यवस्था दोन महिने चालली. मोडली ती कॉलमुळे. सकाळी डबे घेणाऱ्यांचे फोन येतात, आज नको, आज एक जास्त पाठवा, आज भात नको असे, ते घ्यावेच लागतात. खरा कॉल आला की ती उघडलेली वाट तो घेतो, हे बरोबरच आहे, पण कॉल संपला की वाट बंद होते आणि प्रवचन आपोआप पुढे सुरू होतं ते फोनच्या स्पीकरवर. पावणेसातला, भर आवाजात. बाबा दोनदा दचकून उठले. आईला पिठाच्या हाताने फोन गाठून ॲपचं बटण परत दाबेपर्यंत अर्धं मिनिट जातंच. बाबा दुसऱ्यांदा उठले तेव्हापासून तिने ऐकणंच बंद केलं, न बोलता, आणि मला ते चार दिवसांनी कळलं कारण स्वयंपाकघर एकदम शांत वाटायला लागलं. याचं मला फार वाईट वाटलं. बाबांची झोप मोडू नये म्हणून ती स्वतःचे सकाळचे चार तास सोडून देणार हे मला आधीच समजायला हवं होतं.

मग नवीन घ्यायचाच ठरवला. एका कानाचा, आकडीचा, बटणाचा, आणि मीडिया ऑडिओ असलेला. असे मिळतात, ट्रकवाले आणि गाडीवाले लोक अजून वापरतात त्यामुळे बंद झालेले नाहीत. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणणार सगळं चालतं ताई, म्हणून खोक्यावर ए-टू-डी-पी लिहिलंय का ते बघा, आणि त्याहून पक्कं म्हणजे दुकानातच स्वतःच्या फोनला जोडा आणि ते चाकाचं चिन्ह दाबून 'मीडिया ऑडिओ' ओळ दिसते का बघा. मी तीन जोडून बघितले. एकाची आकडी कडक प्लास्टिकची होती, ती चार तास कानामागे टोचली असती, तो सोडला. घेतला त्याला रबराची आकडी आहे आणि बटण जरा आत असलं तरी पेराने दाबलं जातं.

यात कॉल आला की प्रवचन थांबतं, कॉल कानात, कॉल संपला की प्रवचन परत कानातच. स्पीकरवर काही येत नाही. मोनो ऑडिओ मी चालूच ठेवलंय, म्हणजे मुलाखतीतली उत्तरं पण येतात. पहिल्याच दिवशी तिने अभंग लावला. पोळी लाटता लाटता थांबली, लाटणं हातात तसंच, म्हणाली, "आला गं पखवाज."

मामाचा हेडसेट टाकला नाही. नव्याचं चार्जिंग संपलं की बातम्यांपुरता तो असतोच, आणि बाबा कंपनीच्या बसमधून येताना कॉलसाठी तो नेतात.

हे एवढं सविस्तर लिहायचं कारण म्हणजे परवा शेजारच्या काकू आल्या होत्या. त्या शिवणकाम करतात, मशीनवर बसल्या की त्यांना पण एक कान दाराकडे लागतो कारण गिऱ्हाईक खालून हाक मारतं. त्यांच्याकडे त्यांच्या मुलाचा एका कानाचा हेडसेट पडून होता, त्यावर गाणी लागत नाहीत म्हणून कपाटात ठेवलेला, आणि आईने त्यांना सांगितलं की आमची ताई बघेल. मला वाटलं मामाच्यासारखाच असणार. जोडला, चाकाचं चिन्ह दाबलं तर 'मीडिया ऑडिओ' ओळ तिथे होतीच, फक्त बंद करून ठेवलेली, कधीतरी कुणाच्या तरी हातून बंद झालेली असणार. ती चालू केली. आईने चहा गाळेपर्यंत काकूंच्या कानात नाट्यगीत लागलं होतं.